दलालीचा आकडा करारात लिहा

नागपुरात एखाद्या घरात नवा फ्लॅट घ्यायचं ठरलं की त्या घरात दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक तट म्हणतो, दलालाला मधे घेऊच नका, सरळ बिल्डरच्या ऑफिसात जा. दोन टक्के वाचतील आणि बोलणंही मालकाशीच होईल. दुसरा म्हणतो, नव्या फ्लॅटची दलाली बिल्डर देतो, आपल्या खिशातून दमडी जात नाही. मग कोणी रविवारी गाडीत बसवून मनीषनगर, बेसा, जामठा अशा चार स्कीम दाखवत असेल तर नाही कशाला म्हणायचं? थोरले बहुतेक पहिल्या तटात असतात, नोकरीच्या धावपळीतली तरुण मंडळी दुसऱ्यात. हा वाद मी बरीच वर्षं ऐकतो आहे आणि तो दोन्हीकडून चुकीचा लढला जातोय असं माझं ठाम मत आहे. दलाल चांगला की वाईट यावर तासन् तास बोलणं होतं, पण दलालीचा पैसा नेमका कुठून येतो आणि कुठे लपतो, याची चौकशी कोणीच करत नाही.

माझं म्हणणं असं आहे. नव्या फ्लॅटची दलाली दरातच बसवलेली असते. दलालामार्फत गेलेलं गिऱ्हाईक ती भरतं, आणि थेट गेलेलंही बहुतेक वेळा भरतंच. तेव्हा भांडायचंच असेल तर दोन गोष्टींसाठी भांडावं: दलालीची रक्कम विक्रीच्या करारनाम्यात लिहिली जावी, आणि जो दलालाशिवाय आला त्याला तेवढ्यानं दर कमी मिळावा. हे होत नाही तोवर ‘थेट घ्या’ आणि ‘दलालाकडून घ्या’ हे दोन्ही सल्ले अर्धवट आहेत.

आधी हिशेब मांडू. समजा फ्लॅट साठ लाखांचा आहे आणि बिल्डर दलालाला दोन टक्के देतो. ही झाली १,२०,००० रुपये दलाली. दलाल जीएसटीत नोंदलेला असेल तर तो त्यावर १८ टक्के लावतो, म्हणजे आणखी २१,६००. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवर ५ टक्के जीएसटी आहे, पण त्या दरात बिल्डरला इनपुट क्रेडिट घेता येत नाही. म्हणून हे २१,६०० त्याला परत मिळत नाहीत. तो ते दरात घालतो. झाले १,४१,६००. आता हा दर तुम्ही देता तेव्हा त्यावर तुमचा ५ टक्के जीएसटी लागतो, ७,०८० रुपये. मुद्रांक शुल्कही त्याच फुगलेल्या रकमेवर. जवळपास दीड लाख रुपये, ज्यांच्याबद्दल तुम्हाला सांगितलं गेलं की तुमच्या खिशातून काही जात नाही. गृहकर्ज घेतलं असेल तर त्यावरचं व्याज पंधरा-वीस वर्षं वेगळं. बिल्डर धर्मादाय संस्था चालवत नाही आणि त्यानं चालवावी अशी कोणाची अपेक्षाही नाही. पण मग दलाली ‘बिल्डर देतो’ या वाक्याला अर्थ काय उरतो? चेकवर सही त्याची असते, पैसा तुमचा असतो.

आता थेट जाणाऱ्याचं काय होतं ते पाहा. साइट ऑफिसच्या दारात टेबलावर एक वही असते. नाव, मोबाइल, बजेट, टू बीएचके की थ्री, आणि शेवटचा रकाना: कोणामार्फत आलात. समोरचा मुलगा पाण्याचा ग्लास सरकवत विचारतो, “भाऊ, कोणाच्या रेफरन्सनं आले?” तुम्ही अभिमानानं सांगता, कोणाच्याच नाही, डायरेक्ट आलो. तो मान डोलावतो, आणि कॉस्ट शीट काढून देतो ती तीच असते जी दलालाबरोबर आलेल्या मागच्या जोडप्याला दिली होती. दर तोच, पार्किंगचे तेवढेच, वीज मीटर, ट्रान्सफॉर्मर आणि कागदपत्रांचे ‘इतर खर्च’ तेवढेच. विचारलं तर उत्तर ठरलेलं: डायरेक्टवाल्याला कमी केलं तर दलाल आमच्याकडे गिऱ्हाईक आणणार नाहीत. पुष्कळ ठिकाणी तर तो मुलगाही बिल्डरचा नोकर नसतो. सगळ्या स्कीमची विक्री एखाद्या मार्केटिंग कंपनीला दिलेली असते आणि प्रत्येक बुकिंगवर तिचा वाटा ठरलेला असतो. म्हणजे बिल्डरच्या छताखाली, बिल्डरच्या बोर्डाखाली बसलेला माणूसही कमिशनवरच बसलेला असतो. दलाल टाळल्याचं समाधान घेऊन घरी आलेल्या गिऱ्हाइकानं टाळलं नेमकं काय?

तरीही दलालाच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य केलंच पाहिजे, आणि ते थोडं नाही. नागपूर दक्षिणेकडे, वर्धा रोड आणि बेसा-बेलतरोडीच्या बाजूनं, ज्या वेगानं पसरलं त्यात कुठली जमीन महापालिकेत, कुठली नगरपंचायतीत, कुठला मंजूर नकाशा नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) आणि कुठला एनएमआरडीएचा (महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा), हे बाहेरून बदलून आलेल्या माणसाला कळणं अवघड आहे. यवतमाळ किंवा गोंदियाहून बदलीवर आलेला बँकेतला माणूस, मुलांची शाळा, बायकोची नोकरी सांभाळून किती स्कीमचे कागद पाहणार? माझ्या नात्यातल्या एका जोडप्याला एका वयस्क दलालानं एका स्कीमच्या दारातूनच परत फिरवलं होतं. प्लॉटचं आरएल, म्हणजे नियमित झाल्याचं रिलीज लेटर, झालेलं नाही, पुढे त्रास होईल, एवढंच तो बोलला. त्या स्कीमवर त्याला दलाली मिळत असूनही. अशी माणसं या धंद्यात आहेत आणि त्यांचा अनुभव पैसे मोजण्याच्या लायकीचा आहे. दुसरं असं की एकटं गिऱ्हाईक बिल्डरला वर्षात एकदा भेटतं, दलाल दर महिन्याला. ताबा लांबला, टाइल्स बदलल्या, तर दलालाच्या फोनला जे उत्तर मिळतं ते तुमच्या फोनला मिळेलच असं नाही.

थेटवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा कायद्यातून येतो. २०१६चा रेरा कायदा, जो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, तो जाहिरातीतल्या आणि नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीसाठी बिल्डरला भरपाईला बांधील धरतो. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांवर पैसे घ्यायला त्याला मनाई करतो. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावतो, ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो स्वखर्चानं दुरुस्त करायला लावतो. हा सगळा बोजा बिल्डरवर आहे. दलाल गाडीत बसल्या बसल्या जे बोलतो, “समोर गार्डनच येणार आहे, मेट्रोचा फीडर रोड इथूनच जाणार आहे”, त्याचा कागद कुठेच नसतो. बिल्डर म्हणतो मी बोललो नाही, दलाल म्हणतो मी असं म्हटलंच नव्हतं. मधला माणूस वाढला की वचनांचा धनी हरवतो, ही तक्रार खरी आहे. पण तिचं औषध दलाल काढून टाकणं नाही, कारण तेच वाक्य साइट ऑफिसातला मुलगाही तितक्याच सहज बोलतो. शिवाय कायद्यानं दलालाला मोकळं सोडलेलंही नाही. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकायचा तर दलालाची नोंदणी हवी, नसेल तर रोज दहा हजार रुपये दंड, तो किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला जी माहिती आणि कागद मिळायला हवेत ते मिळवून देणं हे त्याचं कायदेशीर काम आहे, आणि त्याच्याविरुद्धही रेराकडे तक्रार करता येते. २०२३ मध्ये राज्याच्या रेरा प्राधिकरणानं, म्हणजे महारेरानं, दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. किती गिऱ्हाइकं दलालाला त्याचा नोंदणी क्रमांक विचारतात?

मधल्या माणसाबद्दलची नागपूरकरांची भीती कुठून येते हे मला कळतं. या शहरानं अनधिकृत अभिन्यासांचं, म्हणजे ले-आउटचं, दुखणं भोगलं आहे. शेत घ्यायचं, अकृषक परवानगी न घेता चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडायचे, गृहनिर्माण संस्थेच्या नावानं विकायचे, आणि रस्ता, नाली, पाणी नशिबावर सोडायचं. त्यातूनच ५७२ आणि १९०० हे अशा ले-आउटचे आकडे नागपुरात घराघरांत माहीत झाले. सरकारला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि लोकांना विकास शुल्क भरून स्वतःचंच घर नियमित करून घ्यावं लागलं. पण तो इतिहास नीट वाचा. त्यातल्या असंख्य लोकांनी प्लॉट कोणाकडून घेतले होते? थेट ले-आउट टाकणाऱ्याकडून, संस्थेच्या ऑफिसात बसून, संस्थेच्या पावतीवर. तिथे दलाल नव्हता म्हणून कोणी वाचलं नाही. वाचले ते ज्यांनी विकत घेण्याआधी आपला वकील लावून सात-बारा आणि मंजूर नकाशा पाहून घेतला.

मग उपाय काय? तो शोधायला फार लांब जायला नको. कळमन्याच्या बाजार समितीत जा. काटोल-नरखेडकडचा शेतकरी संत्री घेऊन येतो, विकतो आणि हातात हिशेबपट्टी घेऊन जातो. त्या पट्टीवर हमाली वेगळी, तोलाई वेगळी लिहायची रीत आहे, आणि २०१६ पर्यंत अडतही तशीच वेगळी लिहिली जायची. अडत्याशी त्याचं पटो न पटो, आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. आकडा दिसत होता म्हणूनच त्यावर राजकारण करता आलं: जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला नियमनातून मोकळा केला, अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, सगळ्या महाराष्ट्रात त्यावर चर्चा झाली. त्या निर्णयानं शेतकऱ्याचं किती भलं झालं यावर मतभेद आहेत आणि ते असू द्या. मुद्दा एवढाच की त्या वादाला बसायला जागा होती, कारण आकडा कागदावर होता. आणि ही कागदाची शिस्त इथलीच आहे. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमनाखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यामागे शेतकऱ्याची कणव कमी आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वेळेवर चांगला कापूस मिळावा ही गरज जास्त होती. तरीही बाजारातल्या मधल्या माणसाला नियमाखाली आणायचं, हटवायचं नाही, हा मार्ग विदर्भानं सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिला. हजारभर रुपयांच्या संत्र्यांवर जो हिशेब मिळतो तो साठ लाखांच्या फ्लॅटवर का मिळू नये?

दुसरं उदाहरण त्याहून जवळचं, कारण आज नागपुरातल्या किती तरी घरांत ते दर महिन्याला घडतं. म्युच्युअल फंड घेताना पूर्वी एजंटाची दलाली गुंतवणुकीच्या रकमेतूनच कापली जायची. सेबीनं १ ऑगस्ट २००९ पासून हे एन्ट्री लोड बंद केलं. मग १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला डायरेक्ट प्लॅन ठेवणं सक्तीचं केलं, ज्यात एजंटाचं कमिशन नाही आणि म्हणून खर्चही कमी. एजंट संपतील अशी तेव्हा ओरड झाली. संपले नाहीत. ज्याला सल्ला हवा तो आजही एजंटामार्फत रेग्युलर प्लॅन घेतो, ज्याला नको तो डायरेक्ट घेतो, आणि दोघांनाही फरक आकड्यात दिसतो. तिथे थेट जाणाऱ्याला खरंच स्वस्त पडतं, कारण नियामकानं दोन दर ठेवायला भाग पाडलं. फ्लॅटच्या बाजारात असे दोन दर नाहीत. म्हणून फंडाचा अनुभव असलेला मुलगा बापाला सांगतो, डायरेक्ट घ्या, स्वस्त पडेल, तेव्हा तो एका बाजाराचा नियम दुसऱ्या बाजाराला लावत असतो.

यावर बिल्डरांचा जो आक्षेप येतो तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, वर्धा रोडवरच्या होर्डिंगचा खर्चही दरात आहे, वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातीचाही आहे, लिफ्टच्या कंपनीचा नफाही आहे. ते सगळे करारात लिहायचे का? मग दलालीचंच काय वेगळं? वेगळं हे की होर्डिंग तुमच्या घरी येऊन सोफ्यावर बसत नाही. ते तुमच्या आईला “काकू, तुमच्यासाठी ग्राउंड फ्लोअरच बरा” असं सांगत नाही. दोन स्कीमची तुलना करून एक निवडून देत नाही. दलाल सल्ला देतो, आणि ज्याच्या सल्ल्यावर माणूस आयुष्याची कमाई लावतो त्याला त्या सल्ल्याचे पैसे कोण आणि किती देतो हे त्या माणसाला कळलंच पाहिजे. एका स्कीमवर दोन टक्के आणि दुसरीवर चार टक्के मिळत असतील, तर दलालाची गाडी आधी कुठे वळेल? तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. सज्जन माणसाचंही मन दुप्पट मोबदल्याकडे ओढलं जातं, आणि गिऱ्हाइकाला ते ओढणं दिसत नसेल तर त्याला सल्ला तोलताच येत नाही. ज्या वकिलाला समोरच्या पक्षाकडून फी मिळते त्याला आपण आपला वकील मानू का?

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. शहरातले बहुतेक छोटे दलाल म्हणजे निवृत्त कारकून, एलआयसीचं काम करणारे, किराणा दुकान चालवता चालवता दोन भाड्याची घरं लावून देणारे. आकडा उघडा पडला तर गिऱ्हाईक म्हणेल, एक दिवस साइट दाखवायचे सव्वा लाख कशाचे? त्यांचं काय? मला वाटतं, यात खरं काम करणाऱ्याचं नुकसान नाही. ज्यानं सात-बाऱ्यापासून ताब्यापर्यंत सोबत केली त्याला गिऱ्हाईक स्वतः राजीखुशीनं फी देईल, आणि ती फी मिळाली की तो खऱ्या अर्थानं गिऱ्हाइकाचा माणूस होईल. भीती असेल तर ती फक्त मोबाइल नंबर पुढे पाठवून वाटा घेणाऱ्याला असायला हवी. आणि रक्कम लिहिणं अवघड आहे असंही कोणी म्हणू नये. बिल्डरला दलालीवर टीडीएस कापावा लागतो. कोणाला किती दिलं ते त्याच्या हिशेबात आधीच लिहिलेलं आहे. आयकर खात्याला जे सांगायला हरकत नाही ते फ्लॅट घेणाऱ्याला सांगायला का असावी? माझ्या पाहण्यात आलेल्या करारनाम्यांत पार्किंगच्या जागेचा क्रमांक असतो, खिडकीच्या ग्रिलचा प्रकार असतो, पण दलालीच्या रकमेची ओळ मला दिसलेली नाही.

या सगळ्याला नागपुरात एक मोठं भगदाड आहे, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. पाचशे चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर रेरा नोंदणीची सक्ती नाही. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळपास ५,३८० चौरस फूट. आता प्रतापनगर, नरेंद्रनगर, मानेवाडा, मनीषनगरच्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. दोन-तीन हजार फुटांच्या जुन्या प्लॉटवरचं बैठं घर पाडून खाली पार्किंग आणि वर चार मजले, मजल्यावर एक किंवा दोन फ्लॅट, असं बांधकाम गल्लोगल्ली दिसतं. सगळ्या देशासाठी आखलेली ही मर्यादा आमच्याकडे संपूर्ण गल्ल्याच बाहेर ठेवते. प्रकल्पाची नोंदणी नाही म्हणून दलालाच्या नोंदणीचीही सक्ती नाही. रेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाची माहिती नाही, तिमाही प्रगती अहवाल नाही, ७० टक्क्यांचं खातं नाही. बिल्डर बहुधा दोन-तीन भागीदारांची फर्म, आणि तिच्याबद्दल खरी माहिती असते ती गल्लीतल्या दलालाला. म्हणजे जिथे दलालाची गरज सगळ्यात जास्त तिथेच त्याच्यावर बंधन सगळ्यात कमी. अशा ठिकाणी ‘थेट बिल्डरशी बोला’ म्हणणारे काका आणि ‘दलाल ओळखीचा आहे’ म्हणणारा भाचा, दोघेही सारखेच उघड्यावर असतात.

नियम बदलेपर्यंत घेणाऱ्यानं काय करावं? तीन-चार गोष्टी आजही हातात आहेत. टोकनचा चेक दलालाच्या नावानं कधीच काढू नका. दलाल असो वा नसो, सर्च रिपोर्टसाठी, म्हणजे मालकीचे जुने कागद तपासायला, वकील तुमचा लावा आणि त्याची फी तुम्हीच द्या. बँकेनं लोन पास केलं म्हणजे कागद स्वच्छ, हा समज चुकीचा आहे, कारण बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का तेवढंच पाहतो. गाडीत ऐकलेली वचनं करारनाम्यात उतरवून घ्या, उतरत नसतील तर ती नव्हतीच असं समजा. आणि दलालाशिवाय गेला असाल तर बिल्डरला स्पष्ट विचारा की दलालीचे जे पैसे तुमचे वाचले त्यातले मला किती देता. नाही म्हणेल. पण चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याला उत्तर बदलून मिळतं, हा बाजाराचा अनुभव आहे.

बाकीचं काम सरकारचं. रेरा कायद्यातच अशी तरतूद आहे की राज्य सरकारला गरज वाटली तर ते पाचशे चौरस मीटर आणि आठ फ्लॅटची मर्यादा खाली आणू शकतं. त्यासाठी संसदेत जायची गरज नाही. नागपूर करारामुळे बहुतेक वर्षी डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आपल्या दारात भरतं. विदर्भाचे आमदार त्यात अनुशेषावर बोलतात, कापूस-सोयाबीनवर बोलतात, बोललंच पाहिजे. त्यातल्या एखाद्यानं या वर्षी गृहनिर्माण मंत्र्यांना हेही विचारावं: नागपूरच्या दोन-तीन हजार फुटांच्या प्लॉटवरचे फ्लॅट रेराखाली कधी आणणार, आणि ज्या दलालीचा टीडीएस बिल्डर दर तिमाहीला दाखवतो तिची रक्कम करारनाम्याच्या नमुन्यात कधी छापणार?